उजेडाचा रोजमेळ

आपल्या बायकांच्या बैठकीत 'मुलगी काय करते?' या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात द्यायचं असतं. डॉक्टर आहे, सीए करते, बँकेत आहे. तो शब्द ऐकला की समोरची मान डोलावते आणि गप्पा पुढे सरकतात. माझ्या धाकटीच्या बाबतीत असा एक शब्द मला अजून सापडलेला नाही. 'पुण्याला असते, संशोधन करते' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, 'कसलं?' 'आकाशातलं' म्हटलं की तिसरा येतो, 'म्हणजे ज्योतिष?' आणि चौथा प्रश्न तर ठरलेलाच, 'मग लग्नाचं काय?'

चौथ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या हातात नाही. पण पहिल्या तिनांचं उत्तर मला नीट देता यावं, एवढी माझी इच्छा होती. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. माहेर सांगलीकडचं, लग्न होऊन डिचोलीला आले त्याला पस्तिसाहून जास्त वर्षं झाली. गणित दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. पण स्वयंपाक, शिवण आणि घरातली वीज या तीन गोष्टी मला कळतात. लेकीचं काम मला या तीन गोष्टींच्या आधारानेच कळलं. म्हणून वाटलं, माझ्यासारख्या इतर आयांनाही सांगावं.

आपली सूर्यमाला ज्या दीर्घिकेत आहे तिला आकाशगंगा म्हणतात, हे आपण शाळेत शिकलो. अशा अगणित दीर्घिका आहेत आणि बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी एक प्रचंड कृष्णविवर असतं. काही दीर्घिकांत ते निपचित पडलेलं असतं. आपल्या आकाशगंगेतलं तसंच आहे. पण काहींमध्ये आजूबाजूचा वायू त्याच्याकडे ओढला जातो. हा वायू सरळ आत पडत नाही. न्हाणीतल्या मोरीत पाणी जसं गोल गोल फिरत उतरतं, तसा तो फिरत फिरत आत जातो आणि त्याची एक चकती तयार होते. फिरताना थराला थर घासतो आणि वायू तापतो. जात्यावर दळलेलं पीठ हाताला कोमट लागतं, हे आपल्या पिढीतल्या बायकांना आठवत असेल. तिथे दोन दगड घासले तर एवढी ऊब. इथे घासणाऱ्या वायूचा वेग प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करायला लागतो. मग ती चकती अशी काही पेटते, की तिच्या उजेडापुढे अख्ख्या दीर्घिकेतले अब्जावधी तारे फिके पडतात. अशा दीर्घिकांना सक्रिय दीर्घिका म्हणतात.

'पेटते' हा शब्दही खरं तर अपुरा आहे. सूर्याच्या पोटात एक किलो हायड्रोजनचं हेलियम झालं, तर त्यातल्या साधारण सात ग्रॅमचीच ऊर्जा होते. या चकतीत एक किलो वायू आत गेला, तर शंभर ग्रॅमच्या आसपास वस्तुमानाची ऊर्जा होऊन बाहेर पडते. लेकीने हा हिशेब सांगितला तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे सूर्य काटकसरीचा आणि ही चकती उधळी." ती म्हणाली, "उलट, आई. चकती काही वाया जाऊ देत नाही."

आता अडचण अशी, की ही चकती कुठल्याही दुर्बिणीतून चकतीसारखी दिसत नाही. ती इतकी लांब आहे, की दिसतो तो फक्त एक ठिपका. २०१९ साली एम ८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराची सावली दाखवणारं चित्र वर्तमानपत्रांत आलं होतं, ते पुष्कळांना आठवत असेल. त्यासाठी पृथ्वीभरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडाव्या लागल्या होत्या. बाकी जवळजवळ सगळ्यांच्या बाबतीत आपल्या हाती ठिपकाच. मग त्या ठिपक्याच्या आत काय आहे, किती मोठं आहे, हे कसं कळणार?

तर तो ठिपका लुकलुकतो. ताऱ्यांसारखा हवेमुळे नाही, स्वतःच्याच अंगाने. आज काही टक्क्यांनी उजळ, चार दिवसांनी मंद, महिन्याने पुन्हा उजळ. माझी लेक करते ते हेच. ती त्या उजेडाची नोंद ठेवते. दररोज, शक्य तेव्हा, वेगवेगळ्या रंगांत.

ही नोंद कशी घेतात हे ऐकून मी हसलेच होते, कारण गोव्यात राहणाऱ्या प्रत्येक बाईला ती पद्धत आधीपासून ठाऊक आहे. पावसाळ्यात संध्याकाळी घरातला दिवा एकदम मंद झाला, तर आपण काय करतो? बल्कांवात येऊन शेजारणीच्या घराकडे बघतो. तिचाही दिवा मंद असेल तर लाइनचाच घोळ. तिचा लख्ख असेल तर आपल्या घरातलं काहीतरी बिघडलंय. खगोलशास्त्रज्ञही तेच करतात. त्या ठिपक्याच्या शेजारी दिसणारे, उजेड न बदलणारे चार-पाच तारे निवडायचे. पातळ ढग आला, हवा धुरकट असली, तर सगळेच सारखे मंद होतील. शेजारचे होते तसे आणि आपला ठिपकाच तेवढा मंद झाला, तर तो बदल खरा. एवढी मोठी शास्त्रं आणि मुळाशी शेजारणीचा दिवा.

पहिली गोष्ट त्या लुकलुकण्यावरूनच कळते. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. एखादी वस्तू एवढी मोठी असेल, की तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला प्रकाशाला महिना लागतो, तर ती वस्तू एका दिवसात सगळीच्या सगळी उजळू शकणार नाही. या टोकाची बातमी त्या टोकाला पोचायलाच महिना लागेल. मोठ्या एकत्र कुटुंबासारखं. तेव्हा एखादा ठिपका दोन-चार दिवसांत बदलत असेल, तर तो उजेड देणारी जागा दोन-चार प्रकाशदिवसांहून फार मोठी असू शकत नाही. हजारो प्रकाशवर्षं पसरलेल्या दीर्घिकेपेक्षा जास्त उजेड आणि तो निघतो एवढ्याशा जागेतून. इतक्या लहान जागेत इतकी ऊर्जा निर्माण करणारं कृष्णविवराशिवाय दुसरं काही सुचत नाही, म्हणून तर शास्त्रज्ञ त्या निष्कर्षाला आले.

या शोधाच्या वाटेवर एक बाई मला भेटली, तिच्याबद्दल सांगायलाच हवं. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी कन्या राशीतला थ्री सी २७३ हा तारा म्हणून समजला गेलेला ठिपका तारा नसून दोनशे कोटी प्रकाशवर्षांहूनही लांब आहे, हे दाखवलं. क्वेसार म्हणतात तो हाच प्रकार. मग प्रश्न आला, याचा उजेड बदलतो का? बदल बघायचा तर वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्यात, आणि ठिपक्याचं महत्त्व तर कालपरवाच कळलेलं. तेव्हा उपयोगी पडल्या त्या अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेतल्या जुन्या काचा. १८८०च्या दशकापासून तिथे आकाशाचे फोटो काचेच्या तावदानांवर घेऊन जपून ठेवले होते. त्या काचांवरचे ठिपके मोजण्याचं काम वर्षानुवर्षं बायकांनी केलेलं. त्यांना पगार कमी आणि हुद्दा 'गणना करणाऱ्या' एवढाच. हार्लन स्मिथ आणि डॉरिट हॉफ्लाइट या दोघांनी १९६३ सालीच त्या जुन्या काचा काढून तपासल्या आणि दाखवलं, की हा ठिपका कित्येक दशकं कमी-जास्त होत आलेला आहे. ज्यांनी ते फोटो काढले, जपले, त्यांना क्वेसार हा शब्दसुद्धा माहीत नव्हता. त्यांनी फक्त नोंद चोख ठेवली होती. डॉरिटबाईंनी पुढे नॅन्टकेट बेटावरच्या मारिया मिचेल वेधशाळेत वीसेक वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजच्या मुलींना असंच काम शिकवलं. शंभराहून जास्त मुली त्यांच्या हाताखालून गेल्या. स्वतः बाई शंभर वर्षं जगल्या. लग्न केलं नाही. ही शेवटची ओळ मी आमच्या घरात मोठ्याने वाचून दाखवली नाही.

दुसरी गोष्ट जास्त चमत्कारिक आहे आणि तिच्यासाठी आपल्याला पेडण्याला जायला हवं. माझी धाकटी जाऊ तिथे असते. मे महिन्याच्या शेवटी तेरेखोलच्या बाजूने वळीव येतो तेव्हा तिच्या घरी सगळी पोरं ओसरीवर बसून मोजायची. वीज चमकली की एक, दोन, तीन... गडगडाट ऐकू येईपर्यंत. तीन आकड्यांना एक किलोमीटर. नऊ आले तर वीज तीन किलोमीटर लांब पडली. वीज आणि आवाज निघाले एकदमच, पण एक आधी पोचला, दुसरा उशिरा. त्या उशिरातून अंतर मिळालं.

त्या दीर्घिकांतही असंच मोजतात. मधली चकती उजळते. तिच्यापासून लांब, कृष्णविवराभोवती वायूचे ढग फिरत असतात. चकतीचा उजेड त्यांच्यावर पडला की तेही चमकतात, पण त्यांच्या स्वतःच्या विशिष्ट रंगांत. म्हणजे आपल्याला आधी चकती उजळलेली दिसते आणि काही दिवसांनी ढग. मधले दिवस म्हणजे चकतीपासून ढगांपर्यंत जायला प्रकाशाला लागलेला वेळ. दिवस मोजले की अंतर मिळालं. ठिपक्याच्या आतलं अंतर, ठिपका ठिपकाच राहूनही! १९८२ साली ब्लँडफर्ड आणि मकी या दोघांनी या पद्धतीचं गणित नीट मांडलं. मला हा प्रतिध्वनीचाच प्रकार वाटतो, फक्त उजेडाचा.

हे उशिराचे दिवस काढायचे कसे, तर दोन आलेख काढायचे. एक चकतीच्या उजेडाचा, दुसरा ढगांच्या. मग एक आलेख दुसऱ्यावर ठेवून पुढे-मागे सरकवायचा, त्यांचे चढ-उतार जुळेपर्यंत. चौकटीच्या कापडाचा ब्लाऊज शिवताना आपण बाहीचा तुकडा अंगाच्या तुकड्यावर सरकवून रेघेला रेघ मिळवतो ना, तसं. सगळ्यांत छान जुळेल तिथे थांबायचं आणि किती सरकवलं ते लिहायचं. कॉम्प्युटर करतो, पण करतो हेच.

यातूनच कृष्णविवराचं वजनसुद्धा कळतं. शेतातल्या गोफणीची आठवण करा. दोरी तेवढीच ठेवून दगड जोरात फिरवला तर हाताला ओढ जास्त बसते. ढग किती वेगाने फिरतात हे त्यांच्या रंगाच्या पसरण्यावरून कळतं, आणि किती लांबून फिरतात हे उशिरावरून. वेग आणि अंतर हाती आलं की मध्ये बसलेल्याची ओढ किती, म्हणजे वजन किती, ते काढता येतं. भूतप तारकासमूहातल्या एनजीसी ५५४८ या दीर्घिकेचं असंच मोजमाप झालं. १९८८-८९ मध्ये जवळजवळ आठ महिने उपग्रहातून दर चार दिवसांनी आणि जमिनीवरच्या दुर्बिणींतूनही तिच्यावर नजर ठेवली गेली. हायड्रोजनच्या एका रंगातला उशीर निघाला सुमारे वीस दिवस. पुढच्या वर्षांतल्या मोजमापांतून तिच्या कृष्णविवराचं वजन ठरलं, पाच ते सात कोटी सूर्यांइतकं.

चकती स्वतःही अशीच मोजतात. तिचा आतला भाग जास्त तापलेला, म्हणून अतिनील उजेड देतो. बाहेरचा त्यामानाने निवलेला, म्हणून तांबूस उजेड देतो. आतल्या भागात खळबळ झाली की अतिनील आधी बदलतो, मग निळा, मग तांबडा. तव्याखालचा गॅस वाढवला की मध्यभाग आधी तापतो आणि कडा मागून, तशी ती लाट बाहेर येते. इथे ती लाट उजेडाच्या वेगाने येते, एवढाच फरक. शाकुरा आणि सुन्याएव या रशियन शास्त्रज्ञांनी १९७३ साली चकतीचं गणित मांडलं होतं, त्यावरून हा उशीर किती असावा ते आधी सांगता येतं. २०१४ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत हबल दुर्बिणीने जवळजवळ रोज आणि स्विफ्ट उपग्रहाने तर त्याहून जास्त वेळा याच एनजीसी ५५४८ कडे पाहिलं. उशीर निघाला अपेक्षेच्या सुमारे तिप्पट. म्हणजे एक तर चकती गणितापेक्षा मोठी, नाहीतर भोवतालच्या ढगांचा उजेड तिच्या उजेडात मिसळून आकडा फुगवतोय. यावर वाद अजून चालू आहे.

त्याच वर्षी आणखी एक घडलं. मोहिमेच्या मधेच ते वायूचे ढग चकतीचं ऐकेनासे झाले. चकती उजळते आहे, मंदावते आहे, आणि ढग त्याला दाद देत नाहीत. दोनेक महिने असं चाललं आणि मग पुन्हा सुरळीत झालं. मधे काहीतरी आडोसा आला असावा, असा अंदाज मांडला गेला. गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनी या काळाला नाव दिलं, 'सुट्टी'. ढगांची सुट्टी. घरातली माणसंही अशी सुट्टीवर जातात. आपण बोलतो, समोरून काही उमटत नाही. आपल्याला वाटतं संपलं. संपलेलं नसतं.

सगळ्यांत बाहेर धूळ असते. ती सर्वांत उशिरा, महिन्यांनी, तापून अवरक्त उजेड देते. धूळ म्हटलं की डिचोलीच्या बाईला वेगळं सांगायला नको. खाणी जोरात होत्या तेव्हा खनिजाचे ट्रक दारावरून जायचे आणि अंगणातल्या तुळशीचं पान दुपारपर्यंत तांबडं व्हायचं. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. लोकांचे धंदे बसले, आमच्या दुकानातही उधारी वाढली. पण रात्रीचं आकाश स्वच्छ झालं, हेही खरं. लेक तेव्हा सुट्टीला आली, की सूर्यास्ताआधी जेवणं आटपलेली असत आणि आम्ही दोघी गच्चीवर. आमच्या घरात रात्रीचं खाणं नाही, त्याचा हा असाही एक फायदा.

शाळेत असताना तिला पणजीला जुंता हाऊसच्या गच्चीवर हौशी खगोलप्रेमी मंडळींनी उभारलेल्या वेधशाळेत नेलं होतं. शनीची कडी बघून ती गप्प झाली होती. पुढे पेडण्याला काकूकडे गेली की मोपाच्या सड्यावर रात्री जाऊन बसायची. तिथे काळोख असा, की स्वतःचा हात दिसू नये. आता तिथे विमानतळ झालाय. जानेवारी २०२३ पासून विमानं उतरतात. ती पुण्याहून घरी येते तीही आता कधी कधी त्याच धावपट्टीवर. ज्या काळोखाने तिला या कामाला लावलं, तो आता तिथे नाही. सोय झाली आणि काही गेलंही. दोन्ही खरं.

आपल्या मराठी मुलखात या विषयाची मुळं चांगली खोल आहेत. माझ्या माहेरच्या बाजूचे, कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही संस्था उभी केली. अजित केंभावी आणि त्यांनी मिळून क्वेसार आणि सक्रिय दीर्घिकांवर लिहिलेलं इंग्रजी पाठ्यपुस्तक १९९९ साली केंब्रिजहून निघालं. जुन्नरच्या बाजूला गिरवली इथे आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. लडाखमध्ये हानले इथे, साडेचार हजार मीटर उंचीवर, तेवढीच दुसरी आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी आपल्या इस्रोने ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह सोडला. त्याच्यावर अतिनील आणि क्ष-किरण दोन्ही एकाच वेळी मोजण्याची सोय आहे आणि चकतीसाठी नेमकं तेच लागतं. आयुकातले गुलाब देवांगन आणि त्यांचे सहकारी त्यातून या चकत्यांचा अभ्यास करतात. म्हणजे हे कुठल्या परदेशातलंच काम आहे असं नाही.

एक मोह मात्र मला नाही. आपल्या शास्त्रांत हे सगळं आधीच होतं, असं मी म्हणणार नाही. लेकीला ते आवडत नाही आणि मलाही पटत नाही. एवढंच वाटतं, की एका रंगात बघितलं तर एक दिसतं, दुसऱ्या रंगात दुसरं, आणि कुठलंच एकटं पुरं नसतं, हे ऐकायची आपल्या घरातल्या मुलांना सवय असते. तिला कदाचित त्याचा उपयोग झाला असेल.

आता चौथा प्रश्न.

गेल्या वर्षी एक स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा चांगला, नात्यातूनच आलेलं. त्यांची अट एकच, साखरपुडा दिवाळीआधी आणि लग्नानंतर मुलीने त्यांच्या गावी यायचं. राहिलेलं शिक्षण 'जमलं तर बघू'. तेव्हा लेकीचं काम अडलेलं होतं. तिच्या ठिपक्याच्या नोंदी पावसाळ्यामुळे चार महिने तुटल्या होत्या. आपल्याकडे पावसात दुर्बिणी झाकूनच ठेवाव्या लागतात. मधले आकडे नाहीत म्हणून आलेख जुळत नव्हता आणि आणखी एक हिवाळा थांबावं लागणार होतं. घरी सगळ्यांचं म्हणणं पडलं, की हीच वेळ आहे. एक वर्ष आधीच वाढलंय, अजून एक म्हणजे एकतीस.

आमच्या मोठ्या नणंदबाई, ज्यांना आम्ही अक्का म्हणतो, मुद्दाम येऊन बसल्या. म्हणाल्या, "अगं, मधले चार महिने नाहीत तर अंदाजाने भरून टाकायचे. कोण बघायला जातंय तिथं?" त्या हसत म्हणाल्या आणि लेकही हसली. पण मग शांतपणे म्हणाली, "अक्का, न बघितलेली तारीख मी वहीत भरली, तर बघितलेल्या तारखांचीही किंमत जाते."

ह्यांनी हे ऐकलं. आयुष्यभर दुकान केलेला माणूस. त्यांनी तिला तिच्या नोंदी दाखवायला सांगितल्या. तिने लॅपटॉपवर तक्ता उघडला. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात उजेडाचा आकडा आणि तिसऱ्यात आणखी एक लहान आकडा. "हा कसला?" "हा मोजण्यात किती फरक असू शकतो त्याचा, बाबा. प्रत्येक आकड्यापुढे लिहावाच लागतो." हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा रोजमेळच आहे. फक्त आमच्या वहीत तिसरा रकाना नसतो." आणि थोडं थांबून, "असायला हवा होता."

स्थळाला मीच फोन केला. म्हटलं, एक हिवाळा थांबता आलं तर बघा, नाहीतर आमची हरकत नाही. त्यांना थांबता आलं नाही. त्या मुलाचं लग्न झालं, चांगलं झालं, आम्हाला आमंत्रणही होतं. हे दोन दिवस माझ्याशी कमी बोलले. अक्का अजून अधूनमधून सुनावतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. काळजी त्यांनाही आहे. लेकीचं पुढे काय होईल, कुठे नोकरी मिळेल, कुणी जोडीदार मिळेल की नाही, हे मला सांगता येत नाही. चिली देशात व्हेरा रुबिन यांच्या नावाची नवी वेधशाळा सुरू झालीय. २०२५ च्या जूनमध्ये तिचे पहिले फोटो आले. ती दर काही रात्रींनी दक्षिणेचं सगळं आकाश टिपत दहा वर्षं नोंद ठेवणार आहे. तिथून एवढे ठिपके मिळतील, की माझ्या लेकीसारख्या मुलींना कामाची वाण पडणार नाही, असं ती म्हणते. पगाराचं ती बोलत नाही.

पण फोन ठेवल्यावर मला पश्चात्ताप झाला नाही, हे नोंदवून ठेवते. आपण मुलींना शिकवतो, हौसेने शिकवतो, बक्षिसं मिळाली की पेढे वाटतो. आणि ज्या दिवशी ते शिक्षण खरंखुरं काम होऊन वेळ मागायला लागतं, त्या दिवशी आपण घड्याळ दाखवतो. त्या दूरच्या ढगांना चकतीचं म्हणणं पोचायला वीस दिवस लागतात, तर शास्त्रज्ञ वीस दिवस थांबतात. ढगांनी सुट्टी घेतली तर दोन महिने थांबतात. नोंद तेवढी सोडत नाहीत. आपण आपल्या मुलीसाठी एक हिवाळा थांबू शकत नाही का?

ज्यांना हे सगळं फार लांबचं वाटतं, त्यांच्यासाठी एक सोपी गोष्ट सांगून ठेवते. मे महिन्यात रात्री दहा-अकराच्या सुमारास गच्चीवर जा. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की एक ठळक नारिंगी तारा लागतो. ती स्वाती. जिच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो म्हणतात ती. तिचा आज दिसणारा उजेड साधारण ३७ वर्षांपूर्वी निघालेला आहे. मी लग्न होऊन डिचोलीला आले त्या सुमाराचा. आता हात लांब करा आणि स्वातीपासून उत्तरेकडे तीन-चार बोटं मोजा. तिथे काहीच दिसणार नाही. पण एनजीसी ५५४८ तिथेच आहे. तिचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. चोवीस-पंचवीस कोटी वर्षं होऊन गेली त्याला. आपल्या नार्व्याच्या जैनकोटातले पडके दगड आपल्याला केवढे जुने वाटतात!

त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेकडे बोट दाखवून आता मला सांगता येतं, 'माझी मुलगी अशा ठिकाणच्या उजेडाचा हिशेब ठेवते.' एका शब्दात बसत नाही खरं, पण एका वाक्यात बसतं. तुमच्याही घरात अशी कुणी मुलगी असेल, जिचं काम तुम्हाला सांगता येत नाही. तिला एकदा निवांत बसवून विचारा. ती सांगेल. कळायला वेळ लागला तर लागू द्या.